श्वास विसरणारं बाळ

४ मे

चहाच्या फॅक्टरीने शेतकऱ्यांना वाटलेल्या या डायरीत मी आजवर पाऊस कधी पडला आणि गाय कधी व्याली याखेरीज काही लिहिलं नाही. आज लिहिते आहे, कारण जवळ बोलायला कोणी नाही आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

मी आजी झाले. माझ्या सुनेला, चेपकिरुईला, आज पहाटे मुलगा झाला. दोन महिन्यांहून जास्त आधीच आला. काल ती पाठीवरची पानांची टोपली उतरवता उतरवता चहाच्या ओळीतच खाली बसली ती उठेना. मी वरच्या बांधावरून ओरडले, "अगं, बसतेस काय, पानं न्यायला गाडी येईल!" मग जवळ जाऊन तिचा चेहरा पाहिला आणि शेजाऱ्याला हाक मारली. शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर तिला मध्ये धरून केरिचोच्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं. मुलगा माझा, किपलेतिंग, ट्रक घेऊन मोम्बासाच्या वाटेवर. फोनवर सांगितलं तर म्हणतो, "आई, आत्ता? आत्ता कसं?" जशी काही मीच घाई केली.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय. अंग दुमडून झोपलंय, त्यामुळे माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत सहज मावेल. कातडी इतकी पातळ की आतल्या लाल रेघा दिसतात. मी चार बाळंतपणं केली, शेजारणींची कितीतरी पाहिली, पण असं काही पाहिलं नव्हतं. एवढासा जीव, आणि त्याला नखंसुद्धा आहेत! मी काचेला नाक लावून त्या नखांकडेच पाहत राहिले. शेवटी सिस्टरने बाहेर काढलं.

६ मे

आज माझ्यादेखत त्याच्या मशीनची घंटी वाजली. बाळ निळसर पडत चाललं होतं. सिस्टर न्याबोके, ही किसी गावाकडची आहे, उंच आणि हाताची चपळ, धावतही नाही पण पोचलेली असते. तिने पेटीत हात घालून त्याच्या तळव्यावर बोटाने टिचकी दिली. बाळाचं अंग शहारलं आणि छाती हलायला लागली.

"कोगो, घाबरू नका," ती म्हणाली. इथे सगळ्याच आज्यांना ती आमच्या बोलीत कोगो म्हणते. "विसरला तो."

"काय विसरला?"

"श्वास घ्यायला."

मला वाटलं थट्टा करते आहे. पण ती दुसऱ्या पेटीकडे जाता जाता सांगत होती, "आईच्या पोटात श्वास घ्यायचं कामच नव्हतं ना. ती सवय डोक्यात बसायची होती, त्याआधीच हा बाहेर आला. मध्येच झोप लागते आणि राहून जातं."

राहून जातं! जसं आपलं दार लावायचं राहून जातं. माझी साठी उलटली, पण श्वास घ्यायची आठवण मी आयुष्यात एकदाही ठेवलेली नाही. मी झोपते, भांडते, चर्चमध्ये गाते, आणि तो आपला चालूच. आज दिवसभर मी माझाच श्वास ऐकत बसले. ऐकायला लागलं की तो नीट घेता येत नाही, असं लक्षात आलं.

७ मे

आज एक गोष्ट कळली आणि अजून डोक्यात मावत नाहीये.

बाळाला विसर पडू नये म्हणून नळीतून औषध देतात. मी विचारलं कसलं औषध, तर सिस्टर न्याबोके म्हणाली, "तुम्ही सकाळी उठल्या उठल्या काय पिता?"

"चहा."

"का पिता?"

"का म्हणजे? त्याशिवाय डोळे उघडत नाहीत."

"तेच औषध. तुमच्या चहात जे असतं ना डोळे उघडणारं, कॅफिन म्हणतात, ते वेगळं काढून, मोजून देतो. त्याने याचं डोकं जागं राहतं."

मी मोठ्याने हसले. पलीकडच्या आया बघायला लागल्या. म्हटलं, "मग मला सांगायचंत की! आमचा अख्खा डोंगर आहे."

दुपारी कपडे आणायला घरी गेले. गाय बघायची सोडून आधी मळ्यात गेले. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी लावलेली ही झुडपं. दोन पानं नि एक कळी, दोन पानं नि एक कळी, हात आपोआप चालतात. पानाकडे बघायला कोणाला वेळ? आज एक कोवळं पान खुडून उन्हात धरलं. काही दिसलं नाही. शिरा आणि हिरवेपणा. चावलं तर नुसतं कडू. सिस्टर म्हणाली होती, झाड ते किडे हाकलायला तयार करतं. किड्याला पळवणारी वस्तू माझ्या नातवाला जगवते, आणि ती आमच्या चुलीवर रोज उकळत होती. देवा, तुझं डोकं कसं चालतं ते तुलाच माहीत. मी तिथेच ओल्या मातीत गुडघे टेकले. वरच्या वाटेवरून नणंद तापसाबेई ओरडली, "वहिनी, काय हरवलं?"

१० मे

घंटी कमी वाजते. काल दिवसभरात अगदी थोड्या वेळा वाजली.

चेपकिरुईची मात्र दशा झाली आहे. बाळ अजून ओढून पीत नाही, म्हणून ती दूध पिळून काढते आणि ते नळीतून त्याच्या पोटात जातं. छाती सोलून निघाली आहे, डोळे रडून सुजलेत. मी कोमट पाण्यात भिजवलेल्या चहाच्या चोथ्याची पुरचुंडी तिच्या डोळ्यांवर ठेवली, दुसरी छातीवर. संध्याकाळपर्यंत सूज उतरली. ती म्हणाली, "आई, तुमच्याकडे सगळ्यावर चहाच."

"मग? चुकीचं काय त्यात?"

खरंच काय चुकीचं? चुलीवर हात भाजला की थंड चहा. केस चिकट झाले की चहाचं पाणी. किपलेतिंगच्या बुटांचा वास गेला तो चहापुडीने. माती उडू नये म्हणून मी झाडायच्या आधी जमिनीवर चोथा शिंपडते, आणि उरलेला केळीच्या बुंध्याशी. माझ्या घरात कांदा नसला तर चालेल, चहा लागतोच.

आणि आज डोळ्यांवरची पुरचुंडी बदलताना मला एकदम सुचलं. हे औषध ते लोक नळीतून थेंबथेंब देतात, घाबरत घाबरत. पण बाळाचं खरं जेवण आईकडून येतं. आई जे खाते तेच दुधात उतरतं, हे तर आमच्याकडे वासराला पाजणारा पोरगासुद्धा सांगेल. गाईने रानलसूण खाल्ला तर दुधाला वास येतो की नाही? मग आईने चहा प्यायला तर?

मी कोणाला बोलले नाही. डॉक्टरांना आपल्या घरच्या अकलेचं कौतुक नसतं.

१२ मे

मोठा थर्मास आणला. कोरा चहा, दूध नाही, काळाकुट्ट होईस्तोवर उकळलेला, साखर भरपूर. सकाळ, दुपार, संध्याकाळ. चेपकिरुईने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, "औषध समजून घे. बाळासाठी." तिने माझ्याकडे पाहिलं, काही बोलणार होती, मग प्यायली. गुणाची पोर आहे.

१५ मे

आता थर्मास दिवसाला दोनदा भरावा लागतो. हॉस्पिटलच्या मागे मंडाझी, म्हणजे तळलेले गोड पाव, विकणाऱ्या बाईशी ओळख केली आहे, तिच्या शेगडीवर उकळून घेते. मंडाझी मीच खाते. चेपकिरुईला भूक नाही.

बाळात काय फरक पडलाय! आधी नुसतं पडून असायचं. आता हात उडवतं, पाय झाडतं, हनुवटी थरथरते, डोळे टक्क उघडे. मी काचेतून म्हटलं, "असाच लढ, पैलवाना!" सिस्टर न्याबोकेने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तिलाही नवल वाटलं असणार.

चेपकिरुई मात्र झोपत नाही. कप धरला की हात थरथरतो, छाती धडधडते म्हणते. मी म्हटलं, पहिलटकरणीला काळजी असतेच. चहा घे, बरं वाटेल.

१६ मे

तापसाबेई आली, आणि अंगावरच्या कापडाआड तपकिरीची डबी घेऊन आली. आमच्यात बाळापुढे पूर्वजांची नावं एकेक करून उच्चारतात आणि नाकाशी तपकीर धरतात. ज्या नावाला बाळ शिंकलं, तो पूर्वज त्याच्यात परत आला. तिच्या मनात तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, परत यावा असं आहे. माझ्याही आहे, पण मी बोलत नाही.

ती सरळ पेटीकडे निघाली. सिस्टर न्याबोकेने दारातच हात आडवा केला.

"आत्याबाई, हे नाक शिंकायला नाही. अजून श्वास घ्यायलाच शिकतंय."

"मग नावाचं काय? बिननावाचं पोर पेटीत कुढतंय!"

"नाव थांबेल. तोवर याला जगू द्या."

तापसाबेई तरातरा बाहेर आली आणि मला म्हणाली, "तुझी सून शिकलेली, तुझी सिस्टर शिकलेली, तू एकटीच अडाणी राहिलीस आणि तूही गप्प बसलीस." मी गप्प नव्हते बसले. मी माझ्या परीने काम करतच होते, फक्त तिला सांगायचं नव्हतं.

१८ मे

बाळाचं काहीतरी बिघडलंय. छाती फडफडते, नळीतून दिलेलं दूध उलटून येतं, बाळ एका जागी पडत नाही. मशीनवरचा आकडा सारखा चढतो. डॉक्टरीणबाई आल्या, कपाळाला आठ्या. रक्त काढलं, त्या इवल्या टाचेतून. मला बघवेना. आधी म्हणाल्या जंतूंचा त्रास असेल, मग म्हणाल्या औषधाचा डोस तर बरोबर आहे, मग म्हणाल्या तरी पण तूर्त औषध बंद ठेवू.

औषध बंद! आता त्याला श्वासाची आठवण कोण करून देणार? मी धावत मंडाझीवालीकडे गेले आणि नेहमीपेक्षा दुप्पट पूड टाकली. चेपकिरुईच्या पुढे थर्मास धरला. ती म्हणाली, "आई, नको."

"आता तर हवाच. त्यांनी बंद केलंय, आता सगळं आपल्यावर आहे."

तिने डोळे मिटून प्यायला.

१९ मे

अजून वाईट. त्याचं हृदय पाखरासारखं उडतंय. मी देवाला म्हटलं, मला ने.

२० मे

लिहिते. न लिहून कुठे जाणार?

सकाळी सिस्टर न्याबोके चेपकिरुईच्या खाटेशी बसली होती. मी थर्मास घेऊन आले. ती उठली, माझ्या हातातून थर्मास घेतला, झाकण उघडून वास घेतला. कपात थोडा ओतला. डांबरासारखा.

"हा दिवसाला किती?" तिने चेपकिरुईला विचारलं.

चेपकिरुई आधी माझ्याकडे बघेना. मग म्हणाली, "दोन भरून. कधी जास्त."

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, एखादा कप, त्याहून जास्त नाही?"

"हो."

"मग?"

आणि माझी ती गुणी सून, जी लग्नापासून माझ्यापुढे आवाज चढवून बोलली नाही, रडत रडत म्हणाली, "मग काय करू? आई झाकण उघडून पुढ्यात उभ्या राहायच्या. नाही कशी म्हणू? त्यांच्या मळ्यात राहते, त्यांच्या चुलीवर जेवते. आणि मलाही वाटायचं, त्या म्हणतात तसंच असेल तर? एक कप कमी प्यायला म्हणून तो थांबला तर?"

सिस्टर माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "कोगो, तुम्ही सकाळी घेतलेला चहा दुसऱ्या दिवशीपर्यंत अंगातून उतरतो. तुमचं यकृत मोठं आहे, त्याला काम येतं. याचं अजून कोवळं आहे. याच्या अंगात गेलेलं दिवसचे दिवस राहतं. आमचं औषध, त्यावर दुधातून तुमचा चहा, रोजचा रोजावर साठत गेला. थोडं दिलं की श्वास आठवतो. जास्त झालं की हृदय धावत सुटतं."

मी थर्मास उचलला आणि बाहेर आले. गटारात ओतला. लोकांसमोर मी रडत नाही, पण आज रडले. ज्याला वाचवायचं होतं त्याच्याच छातीवर मी बसले होते, आणि वर पैलवान म्हणून हाका मारत होते.

मग प्रवाशांनी भरलेली मॅटाटू गाडी पकडून घरी आले. चेपकिरुईला सांगितलं नाही.

२१ मे

शपथ घेतली. त्या पोराच्या अंगातून चहा उतरेपर्यंत, आणि पुढे त्याचं औषध कायमचं सुटेपर्यंत, माझ्या तोंडात चहाचा थेंब नाही. सकाळी गरम पाणी प्यायले. गाईनेसुद्धा माझ्याकडे संशयाने पाहिलं.

२२ मे

कपाळात कोणीतरी खुंटी ठोकतंय. डोळे उघडवत नाहीत. जांभयांनी जबडा दुखला. पानं न्यायला आलेल्या ड्रायव्हरशी उगाच भांडले, मग किपलेतिंगशी फोनवर भांडले, तो बिचारा नुसतं विचारत होता बाळ कसं आहे. म्हणाला, "सुधारतंय म्हणे, चेपकिरुई बोलली. तुझा फोन का लागत नाही तिला?" लागत होता. मी उचलत नव्हते.

तापसाबेईने माझं डोकं पाहून निदान केलं. नजर. तिने तीच तपकिरीची डबी माझ्या नाकाशी धरली. मी इतक्या शिंका दिल्या की ती म्हणाली, "वहिनी, तुझ्यात तर सगळेच पूर्वज एकदम आले." हसू आलं, पण हसलं की डोकं आणखी ठणकतं. हे पापाचं फळ आहे. देव हिशेब चुकता करतो आहे.

२५ मे

आज चेपकिरुईचा निरोप तापसाबेईकडून आला. "सुनेने सांगितलंय," तापसाबेई म्हणाली, "आईंना म्हणावं, थर्मास नको, पण तुम्ही या. मला एकटीला घंटी ऐकवत नाही."

लगेच आंघोळ केली, धुतलेला लेसो अंगाभोवती गुंडाळला, भोपळ्यात आंबवलेलं दूध, आमचं मुर्सिक, घेतलं, आणि निघाले.

चेपकिरुई खाटेवर बसली होती. चेहरा उतरलेला पण हात स्थिर. मी दारातच उभी राहिले. ती म्हणाली, "कुठे होतात इतके दिवस?"

"डोकं दुखत होतं."

"कपाळात? आणि जांभया? आणि सगळ्यांवर राग?"

"तुला कसं ठाऊक?"

"माझंही दुखलं. दोन दिवस." ती चक्क हसली. "चहा सोडला की असंच होतं म्हणाल्या सिस्टर. तुम्हीही सोडलाय ना?"

म्हणजे ते देवाचं नव्हतं. ते पान इतकी वर्षं माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं, मला उठवत होतं, कामाला जुंपत होतं, आणि सोडलं तर दारावर लाथा घालत होतं. मी समजत होते मी ते खुडते. मी खाटेच्या कडेला बसले आणि किती तरी वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिले. नखांच्या कडा पानांच्या रसाने काळ्या पडल्यात, त्या आता जन्मात धुवून निघणार नाहीत.

मग चेपकिरुईने मुर्सिक मागितलं. घटाघट प्यायली. "याने काही होणार नाही ना?" असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "सिस्टरला विचार. मला विचारू नकोस." आणि तिने खरंच विचारलं.

२७ मे

हृदय ताळ्यावर आलं. बाळ शांत झोपतं. इतकं शांत की मला भीती वाटते, आणि बरोबरच आहे, कारण आज घंटी पुन्हा वाजली. डॉक्टरीणबाईंनी औषध परत सुरू केलं, अगदी थोडं. ते चमच्याच्या टोकाएवढं पाणी नळीतून जाताना मी पाहिलं. एवढंसं. माझ्या पातेल्याला लाज वाटेल एवढंसं. आणि तेवढ्याने तो श्वास विसरायचा थांबला. जग एवढ्या नाजूक मापावर चालतं हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

३ जून

पेटीतून बाहेर काढून त्याला आता आईच्या छातीवर ठेवतात, कातडीला कातडी, वरून कापड गुंडाळून. पहिल्या दिवशी चेपकिरुई जागेवरून हललीसुद्धा नाही. म्हणाली, "आई, तो माझ्या श्वासाबरोबर श्वास घेतो. मी थांबले तर तोही थांबेल असं वाटतं." मी म्हटलं, "मग थांबू नकोस." दोघीही हसलो.

८ जून

आज औषधाचा शेवटचा थेंब गेला. उद्यापासून नाही.

सिस्टर न्याबोकेने दोघींना समोर बसवून सांगितलं. "त्याच्या अंगातलं सावकाश उतरेल, पाच-सहा दिवस तरी. खरी परीक्षा त्यानंतर. अशी बाळं मध्येच क्षणभर थांबतात, ते चालतं. पण थांबल्यावर आपण टिचकी न देता त्याने पुन्हा सुरू करायला हवं. ते जमलं तर घरी. नाही जमलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि दर वेळी थोडं नुकसान होतं."

चेपकिरुईने विचारलं, "कसलं नुकसान?"

सिस्टरने बाळाच्या टाळूवर बोट ठेवलं. "मेंदूचं," ती म्हणाली.

१२ जून

तापसाबेई विचारते, अजून किती दिवस? मी म्हटलं, तो ठरवेल.

१५ जून

आज लिहिताना हात थरथरतोय, आणि चहा तर प्यायलेला नाही.

सकाळी त्याच्या अंगावरची तार काढली. मशीन दुसऱ्या बाळाला लागलं, आज पहाटे आलेल्या, याच्याहूनही लहान. सिस्टर म्हणाली, आता घंटी नाही, आता तुमचे हात आणि डोळे.

चेपकिरुई परवापासून झोपली नव्हती. दुपारी बसल्या बसल्या तिची मान कलंडायला लागली. तिने बाळाला छातीवरून उचललं आणि माझ्याकडे धरलं. "घ्या."

"मी?"

"मग कोण? आत्याबाई? त्या तपकीर ओढायला लावतील."

"मला झोप लागली तर? चहा नाही पोटात. डोळे जड आहेत माझेही."

"नाही लागणार तुम्हाला," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तुम्ही मला त्याच्यासाठी काहीही प्यायला लावलंत. तुम्ही झोपाल?"

मी ब्लाउजची बटणं काढली. सिस्टरने त्याला माझ्या म्हाताऱ्या छातीवर पालथं ठेवलं आणि वरून कापड घट्ट गुंडाळलं. मांजरीच्या पिलाएवढा गरम. चेपकिरुई खाटेवर आडवी झाली आणि डोकं उशीला लागायच्या आत घोरायला लागली. इतका विश्वास माझ्यावर, अजून.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. वर, खाली. वर, खाली. इतकं हलकं की मीच श्वास धरून ते मोजायची, मग घाबरून सोडायची. बाहेर पाऊस होता, पत्र्यावर जोरात. मी काही ऐकत नव्हते, फक्त हाताखाली.

मग ते थांबलं.

हाताखाली काही नाही. वर नाही, खाली नाही. मी कापड जरा सैल करून त्याचं तोंड पाहिलं. ओठांचा रंग बदलतो आहे की मलाच तसं दिसतं आहे, कळेना. माझा दुसरा हात त्याच्या तळव्याशी गेला, बोट वाकवून तयार. हाक मारायला तोंड उघडलं. सिस्टर दोन पेट्यांपलीकडे पाठमोरी होती. आत सगळं ओरडत होतं, दे टिचकी, दे, काय बघतेस! पण तिचं बोलणंही आठवत होतं, त्याने स्वतः सुरू करायला हवं. मी एकदा चूक केली होती. घाई करून, जास्त देऊन. आता थांबून चूक झाली तर? बोट तळव्याला लागायला केसाएवढं अंतर होतं.

आणि त्याने श्वास घेतला.

कोणी न सांगता, कोणी न हलवता. आधी एक छोटासा उसासा, जसं काही आठवलं, मग नाकपुड्या हलल्या, मग पाठ माझ्या हाताला वर ढकलत आली. पुन्हा. पुन्हा. गुलाबी. चहाचा थेंब नाही त्याच्या अंगात, माझ्या अंगात नाही, नळी नाही, तार नाही. तरी चालू.

मला मोठ्याने रडायचं होतं. पण छाती हलली असती, म्हणून तोंड दाबून रडले. अश्रू मानेवर ओघळले. आयुष्यभर मी जे फुकटचं समजत आले ते माझ्या हाताखाली होत होतं, एकेक करून, आणि प्रत्येक वेळी मला नव्याने नवल वाटत होतं. सिस्टर न्याबोके येऊन गेली. माझ्याकडे, मग बाळाकडे पाहिलं आणि पुढच्या पेटीकडे वळली.

पाऊस थांबल्यावर चेपकिरुई दचकून उठली. केस विस्कटलेले, डोळे मोठे. "काय झालं? काही झालं का?"

"काही नाही," मी म्हटलं. "झोप तू. त्याचं तो बघतो आता."